पँट वर करायची नोकरी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "लांजेवार, यंदा तुम्ही लिहा. काहीतरी प्रेरणादायी." माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. अशा माणसाने काहीही लिहिलं तरी ते प्रेरणादायीच असतं, असा एक समज आहे. मी किराण्याची यादी दिली असती तरी त्यांनी ती डोळे पुसत छापली असती. म्हणून आधीच सांगून ठेवतो, की हा मजकूर माझ्या नोकरीबद्दल आहे. अठरा वर्षं मी भिलाईत कृत्रिम पाय बनवले आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. घरी आम्ही 'मले-तुले'च बोलतो. इथं छापून यायचं आहे म्हणून 'मला-तुला' लिहितो आहे. कुठं घसरलो तर समजून घ्या. घसरण्याचा मला अनुभव आहे.

पाय कसा गेला ते एकदाच सांगतो, कारण ते कळल्याशिवाय कोणी पुढचं ऐकत नाही. मी एका लहान कारखान्यात फिटर होतो. भिलाईच्या स्टील प्लांटला लागणारे सुटे भाग आम्ही करायचो. चौदा वर्षं लोखंड, क्रेन आणि गॅस कटर यांच्यात काढली, बोटाला ओरखडा आला नाही. पाय गेला तो पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारात, कोथिंबिरीची जुडी निवडताना, मागे येणाऱ्या ट्रकखाली. हे ऐकून लोकांची निराशा होते. भिलाईत पाय गेलेल्या माणसांचीही एक उतरंड आहे. प्लांटमध्ये गेला तर मान मोठा. लोक आवाज खाली आणतात. रस्त्यावर गेला तर हळहळतात आणि हेल्मेटचं विचारतात. कोथिंबिरीपायी गेला तर काय बोलावं ते कोणाला सुचत नाही. सगळ्यात खाली शुगरवाले. त्यांना सहानुभूती मिळत नाही, उपदेश मिळतो. आणि आमच्याकडे येणारे निम्म्याहून जास्त लोक शुगरवालेच असायचे.

माझा पहिला पाय ज्या केंद्रात झाला तिथंच मी पुढे नोकरीला लागलो. झालं असं, की तो पाय मला बोचायचा. मी घरी त्याचे स्क्रू उघडले, थोडं घासलं, परत बसवलं, आणि तपासणीला गेलो तेव्हा तिथले ओडिया मिस्त्री बेहराजी यांनी चोरी पकडली. पाय उलटासुलटा करून ते म्हणाले, "पाँव तुम्हारा है, पर काम हमारा है. इतना ही शौक है तो यहीं आ जाओ." कारखान्यात तोवर माझ्या जागी दुसरा फिटर आला होता. मी गेलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाय म्हणजे बुटासारखा नंबर सांगून आणायचा. तसं नसतं. उरलेल्या पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून पायाचा पुतळा काढायचा, आणि मग तो पुतळा कानशीने घासत बसायचं. हाड कातडीलगत असेल तिथं प्लास्टर चढवायचं, म्हणजे नंतर तिथं जागा सुटते. मांस असेल तिथं घासायचं, म्हणजे भार तिथं बसतो. या पुतळ्यावर गरम प्लास्टिक ओढलं की पेल्यासारखा सॉकेट तयार होतो. माणसाचं सगळं वजन त्या पेल्यात. खाली नळी, नळीखाली पाऊल, मध्ये चार स्क्रू. अर्धा फेरा जास्त झाला की माणूस लोड झालेल्या ऑटोसारखा एका अंगाला कलतो. शिवाय उरलेला पाय दिवसभर तेवढाच राहत नाही. सकाळी फुगलेला असतो, चालून चालून बारीक होतो. म्हणून सकाळी एक मोजा, दुपारी दोन, संध्याकाळी तीन. हे दहा वेळा सांगूनही लोक संध्याकाळी यायचे आणि "पाय ढिला दिला" म्हणून भांडायचे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका गृहस्थांनी पाऊल गोऱ्या रंगाचं मागितलं. मुलीचं लग्न ठरत होतं आणि व्याह्यांच्या घरी चप्पल काढावी लागणार होती. त्यांचा दुसरा पाय चांगला सावळा होता. मी तसं सुचवलं तर म्हणाले, "तो मी मोज्यात ठेवीन." वर्षातून एकदा, अपंग दिनाला, आमचा सत्कार व्हायचा. मी स्वतःच्या पायांनी मंचावर चढून जायचो आणि तिथं मला तीनचाकी सायकल मिळायची. फोटोपुरतं तिच्यावर बसायला लावायचे. मग मी ती ढकलत घरी न्यायचो. चौथ्या सायकलीनंतर माझी बायको मंदा म्हणाली, "आता पाचवी आणली तर तिच्यावरच झोपा. घरात पलंगाले जागा नाई."

नोकरीचा दुसरा भाग कुठल्या कागदावर नव्हता. कोणाचा पाय कापला गेला की डॉक्टर मला वॉर्डात बोलावून घ्यायचे. मी त्यांच्या मागोमाग आत जायचो. डॉक्टर म्हणायचे, "हे बघा, हे चालत आले," आणि मी पँट वर करायचो. नातेवाईक "अरे वा" म्हणायचे. पेशंट भिंतीकडे बघायचा. मग माझं ठरलेलं वाक्य यायचं, "सगळं पहिल्यासारखं होते. चालाल, फिराल, खेळाल."

यातलं शेवटचं क्रियापद खोटं होतं, निदान माझ्यापुरतं. पाय जायच्या आधी मी आमच्या कारखान्याच्या व्हॉलिबॉल टीमचा सेटर होतो, म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला चेंडू उचलून देणारा. सेक्टर सातच्या मैदानावर सकाळी आमचा खेळ चालायचा. पाय बसवून मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा सगळ्यांनी मिठ्या मारल्या, खुर्ची आणली आणि हातात शिट्टी दिली. मान दिला. मी ती शिट्टी घेतली, आणि अकरा वर्षं खुर्चीत बसून दुसऱ्यांचे पॉइंट मोजले. अकरा वर्षं वॉर्डात जाऊन लोकांना "खेळाल" म्हणून सांगितलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे मला सुचलं नाही. एक तरुण इलेक्ट्रिशियन होता, फुटबॉल खेळायचा. त्याला मी चार वेळा "खेळशील, खेळशील" म्हटलं. पाय घेऊन गेला तो परत आला नाही. मी रजिस्टरमध्ये 'समाधानी' असं लिहिलं.

मग शोभाताई हटवार आल्या.

भिलाईजवळ चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहायच्या. वय चव्वेचाळीस, नवरा रेल्वेत गार्ड, स्वतः एका शाळेत पीटीच्या टीचर. शाळेच्या स्पोर्ट्स डेला नवीन बूट घातले आणि उजव्या टाचेला फोड आला. बाईंना शुगर होती, पायाची जाणीव कमी झालेली; फोड दुखला नाही. तीन आठवडे त्यांनी तो कोणाला दाखवला नाही, कारण कॉलनीच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे रेल्वेच्या क्लबात, टेबल टेनिसची स्पर्धा होती आणि दाखवला असता तर डॉक्टरांनी खेळू दिलं नसतं. स्पर्धा त्या जिंकल्या. पुढच्या महिन्यात पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी नेहमीप्रमाणे पलंगाजवळ उभा राहून पँट वर केली. त्यांनी एकदा बघितलं.

"खाली करा ती," त्या म्हणाल्या. "माझा पाय गेला, अक्कल नाई गेली. पाय बनते हे मले मालूम आहे."

मी ठरलेलं वाक्य सुरू केलं. 'खेळाल' या शब्दावर त्यांनी मला अडवलं.

"तुमी काय खेळता?"

"व्हॉलिबॉल."

"शेवटचं कधी खेळले?"

डॉक्टर घड्याळ बघत होते. मी म्हटलं, "पाय जायच्या आधी."

"मंग मले कावून सांगून राहिले?"

पलंगाच्या पलीकडे एक बारीक अंगाच्या, चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या. त्या म्हणजे शोभाताईंची नणंद रंजना. रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क, लग्न केलेलं नाही, भावाकडेच राहायच्या. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "वयनी, असं नको ना बोलू. ते तुझ्या भल्यासाठी आले."

शोभाताई माझ्याकडे वळल्या. "पाहिलं? पंधरा वर्षं झाली लग्न होऊन, हिच्या तोंडून माझ्यासाठी एक गोड शब्द नाई निघाला. आता दिवसभर साखर सांडून राहिली. पाय कापा लागते हे डॉक्टरनं मले नंतर सांगितलं. हिनं गोड बोलायले सुरुवात केली तवाच मले समजलं होतं का आपलं काही खरं नाई."

या दोघी पंधरा वर्षं इन्स्टिट्यूटच्या डबल्समध्ये एकमेकींच्या जोडीदार होत्या. घरात भाजीच्या फोडणीवरून बोलणं बंद असायचं आणि संध्याकाळी सहाला दोघी बॅटी घेऊन बरोबर निघायच्या. गार्डसाहेबांनी मला नंतर सांगितलं, की घरात शांतता हवी असेल तेव्हा ते दोघींना खेळायला पाठवायचे.

तीन महिन्यांनी शोभाताई केंद्रात आल्या. साचा घेताना म्हणाल्या, "चालता तर कोणालेही येते. मले आजूबाजूले सरकता आलं पाहिजे."

ही मागणी साधी नव्हती. आम्ही जे पाय करतो ते पुढे चालण्यासाठी असतात. टाच टेकली, पंजावर भार आला, पाऊल उचललं. टेबल टेनिसवाल्याला आडवं सरकावं लागतं, आणि आडव्या धक्क्याने सॉकेट डुगडुगतो. दुसरा कोणी असता तर मी "आधी संडासपर्यंत चालून दाखवा" म्हटलं असतं. पण वॉर्डातला तो प्रश्न मला लागला होता. मला बाईंना दाखवून द्यायचं होतं. डुगडुग बंद व्हावी म्हणून मी सॉकेट बाहेरच्या अंगाने घट्ट केला, गुडघ्याखालच्या हाडावर. पाय घालून त्या पाच पावलं आडव्या सरकल्या, पुन्हा पाच परत.

"दुखते का?" मी विचारलं.

"अजिबात नाई."

मी खूश झालो. ज्या बाईला पायातला फोड तीन आठवडे दुखला नव्हता, तिच्या 'नाई'वर मी खूश झालो. नवशिक्याला पहिल्या महिन्यात शिकवतात, की शुगरवाल्याला दुखतं का ते विचारायचं नाही, मोजा काढून कातडी बघायची. मी नवशिक्यांना हे स्वतः शिकवत होतो.

महिन्याने त्यांनी मोजा काढला तेव्हा तो ओला होता. हाडावर रुपयाएवढी जखम. डॉक्टरांनी पाय काढून ठेवायला सांगितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, की भरली नाही तर गुडघ्याच्या वर कापावं लागेल. गुडघा असलेला माणूस चालता चालता गप्पा मारतो. गुडघा नसलेल्याला प्रत्येक पाऊल आधी मनात टाकून बघावं लागतं. खेळाचं तर नावच नको. मी त्या दिवशी जेवलो नाही. मंदाला कारण सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "त्यांच्या घरी गेले होते का?" गेलो नव्हतो. हिंमत झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रंजनाताईच केंद्रात आल्या. मऊ आवाज घरी ठेवून आल्या होत्या.

"तुमी कारीगर आहा ना, भाऊ? तिले दुखत नाई हे तुमाले मालूम नव्हतं? दुखलं असतं तर पहिला पाय तरी गेला असता का?"

"माझी चूक झाली."

"ते मले नका सांगू, तिले सांगा. मले हे सांगा का ती जखम रोज कोण पाहीन? तिले वाकून दिसत नाई. दादा ड्यूटीवर. आणि मी..." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मले नाई पाहवत. पट्टी सोडली का मी बाहेर निघून जातो."

आमच्याकडे बायाही 'जातो' म्हणतात, ते व्याकरण कोणी सुधारू नये.

मग मी दर एक दिवसाआड काम सुटल्यावर स्कूटर घेऊन चरोद्याला जायला लागलो. शोभाताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझ्या पहिल्या पायाची माफी मी कोणाले मागू? बसा, चहा घ्या. बिनसाखरेचाच भेटते." मी पट्टी सोडायचो, जखम बघायचो, डॉक्टरांना फोन करून रंग आणि आकार सांगायचो. रंजनाताई तेवढा वेळ गॅलरीत झाडांना पाणी घालायच्या. त्या दिवसांत त्यांच्या कुंड्या फार पाण्याने कुजल्या.

तिसऱ्या आठवड्यात गेलो तर घराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, इन्स्टिट्यूटमध्ये बघा. तिथं हॉलमध्ये टेबलाच्या एका बाजूला शोभाताई खुर्चीत बसलेल्या, पलीकडे रंजनाताई उभ्या. रंजनाताई चेंडू असा टाकत होत्या, जसं लहान मुलाला घास भरवावा. उंच, हळू, नेमका बॅटीवर. शोभाताईंनी सहा-सात चेंडू परत केले. मग बॅट टेबलावर ठेवली.

"भीक देऊन राहिली का?"

"तुझ्यानं होत नाई तं काय करू?"

"होत नाई तं हारू दे मले. हारायले काय पाय लागते?"

रंजनाताई चेंडू हातात फिरवत म्हणाल्या, "मले भेव लागते. तू खुर्चीतून पडली तं अख्खी कॉलनी म्हणन का नणंदेनं पाडलं."

कॉलनी तसं म्हणालीच असती. शोभाताई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी बसा समोरच्या खुर्चीत. तुमाले माझ्यावर दया करायचा हक्क नाई. तुमी माझे देणेकरी आहा."

मी म्हटलं, मला टेबल टेनिस येत नाही. त्या म्हणाल्या, चांगलं आहे. मी बसलो. अकरा-दोन असा हरलो. ते दोन पॉइंटसुद्धा चेंडू टेबलाच्या काठाला लागून गेल्यामुळे मिळाले. पण मधेच एक चेंडू डाव्या अंगाला आला आणि मी काही न ठरवता झेपावलो, खुर्चीसकट वाकडा झालो, पोहोचलो नाही. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. अकरा वर्षांत मला बसून शिट्टी वाजवताना घाम आला नव्हता. पुढचे चार आठवडे मी जखम बघायला जायचो आणि हरून यायचो.

सात आठवड्यांनी जखम भरली. मी पुन्हा पहिल्यापासून साचा घेतला. या वेळी बाहेरच्या हाडाला जागा सोडली, आणि डुगडुग थांबवायला सॉकेट आवळण्याऐवजी पाऊलच बोटभर बाहेर सरकवलं, बूट सपाट तळाचा घ्यायला लावला. चालताना त्या थोड्या फताड्या दिसायच्या. तसं सांगितलं तर म्हणाल्या, "मले कोणी पाहायले येणार नाई आहे." पहिले दोन महिने अर्ध्या अर्ध्या तासाने मोजा काढून कातडी बघायची, असा नियम मी केला आणि तो कागदावर लिहून त्यांच्या बॅटीच्या कव्हरमध्ये टाकला.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेआधी इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरी त्यांच्या घरी आले. यंदाचं उद्घाटन मॅडमच्या हातून करायचं, असं कमिटीने ठरवलं होतं. पाय गेलेला माणूस फीत फार छान कापतो असं कमिट्यांना नेहमी वाटतं. शोभाताई म्हणाल्या, "कापीन. पण डबल्समध्ये आमचं नाव टाका." सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्हाला त्रास..." त्या म्हणाल्या, "त्रास समोरच्यायले होईन."

समोर कॉलेजातल्या दोन मुली आल्या. उंच, तयारीच्या आणि फार सुसंस्कृत. त्यांनी पहिला सर्व्ह इतका हळू केला की चेंडू नेटपाशी विचार करत थांबला. प्रेक्षक त्याहून सुसंस्कृत. शोभाताईंचा चेंडू बाहेर गेला तरी टाळ्या, नेटमध्ये गेला तरी टाळ्या.

इथं एक नियम सांगायला हवा. टेबल टेनिसच्या डबल्समध्ये जोडीतल्या दोघांनी चेंडू आळीपाळीनेच मारायचा असतो. एक मी, एक तू. जोडीदाराचा चेंडू सोपा असो की अवघड, तो तुम्ही मारू शकत नाही. तुम्ही फक्त बाजूला होऊन त्याला जागा देऊ शकता. व्हॉलिबॉलमध्ये एखाद्याला कोपऱ्यात उभं करून पाच जणांनी खेळता येतं. इथं ती सोय नाही. रंजनाताई पहिल्या गेममध्ये आपला चेंडू मारून इतक्या लांब पळायच्या, की परत यायला उशीर व्हायचा, आणि चुकायच्या त्याच. पहिला गेम अकरा-चारने गेला.

दुसऱ्या गेमच्या सुरुवातीला एक साधा चेंडू शोभाताईंच्या डाव्या हाताला आला. त्या हलल्या नाहीत. टाळ्या वाजल्या.

"वयनी," रंजनाताई भर हॉलमध्ये म्हणाल्या, "तो तुझा होता. उभी काय राहिली, फोटो काढून राहिले का तुझा?"

टाळ्या थांबल्या. मागच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ "शोभत नाही हे" असं पुटपुटले. शोभाताईंनी बॅट या हातातून त्या हातात घेतली, घाम पुसला आणि म्हणाल्या, "तू आधी माझ्या रस्त्यातून हट. म्हशीवानी मधात उभी राहते."

त्यानंतर जे सुरू झालं ते बघून त्या कॉलेजच्या मुली गांगरल्या. दोघी प्रत्येक चेंडूवर एकमेकींना बोलत होत्या आणि प्रत्येक चेंडू परत जात होता. दुसरा गेम घेतला, तिसरा घेतला. मुलींनी सभ्यपणा सोडला आणि जोरात मारायला लागल्या. चौथ्या गेममध्ये शोभाताई उजवीकडे सरकल्या, कृत्रिम पाऊल मागे राहिलं, आणि त्या खाली आल्या. पाय सुटून नळीसकट वाकडा झाला. अख्खा हॉल उभा राहिला. सेक्रेटरी पाण्याची बाटली घेऊन धावले. मीही अर्धा उठलो होतो. माझ्या डोळ्यांसमोर फक्त तो सॉकेट होता.

रंजनाताई जागेवर उभ्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचा. "चेंडू टेबलाखाली गेला. खाली आहेसच तं घेऊन ये."

शोभाताईंनी बसल्या बसल्या पाय सरळ केला, मोजा उतरवून कातडी बघितली, मोजा चढवला, पाय घातला. मग टेबलाखाली हात घालून चेंडू काढला आणि टेबलाचा काठ धरून उठल्या. त्या हसत होत्या. एवढं सगळं व्हायला दोन मिनिटं लागली असतील. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण आता वाजवाव्या की नाही हे कोणाला कळत नव्हतं.

चौथा गेम गेला. पाचवा अकरा-नऊने गेला. दोघी पहिल्याच फेरीत बाहेर. बक्षीस समारंभात शोभाताईंना 'विशेष जिद्द' नावाची ट्रॉफी दिली, जी आधी कुठंच जाहीर झाली नव्हती. त्यांनी ती हॉलमधल्या कॅरम पावडरच्या कपाटात ठेवून दिली. अजून तिथंच आहे.

त्याच आठवड्यात मी सेक्टर सातच्या मैदानावर गेलो आणि शिट्टी परत केली. म्हटलं, मी खेळतो. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला अशा जागी उभं केलं जिथं चेंडू यायचाच नाही. मग मी शिव्या द्यायला लागलो, तेव्हा यायला लागला. सेटरला फार उडी मारावी लागत नाही, पण फिरावं लागतं, आणि मी हळू फिरतो. अजूनही खेळतो. वाईट खेळतो. टीम निवडताना मला शेवटी घेतात, आणि ज्यांच्याकडे जातो ते तोंड वाकडं करतात. मला त्याचं काही वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

त्या इलेक्ट्रिशियनला मी शोधायला गेलो होतो. रजिस्टरमध्ये सुपेल्याचा पत्ता होता. तिथं दुसरं कुटुंब भाड्याने राहत होतं, त्यांना काही माहीत नव्हतं. त्याला काय सांगायचं हेही मी नक्की ठरवलं नव्हतं. निदान 'समाधानी' हा शब्द खोडला.

वॉर्डातलं ठरलेलं वाक्यही मी सोडलं. 'पहिल्यासारखं' हा शब्द काढला की त्या वाक्यात फारसं काही उरत नाही. पुढे रविवारी शोभाताई माझ्याबरोबर यायला लागल्या. साडी घोट्यापर्यंत असायची, पाय दाखवत नसत. थेट विचारायच्या, "काय खेळत होते?" एकदा एका किराणा दुकानदाराने कुशीवर वळत उत्तर दिलं, "पत्ते." त्या म्हणाल्या, "मंग झोपले कावून? पत्त्याले पाय नाई लागत." माणूस इतका चिडला की उठून बसला. पुढच्या रविवारी त्याच्या पलंगावर तिघं जण डाव मांडून बसले होते. सगळ्यांचं असं झालं नाही. एका बाईंनी आम्हाला दोनदा हाकलून दिलं आणि तिसऱ्यांदा आम्ही गेलो तेव्हा त्यांचा पलंग रिकामा होता. कुठं गेल्या ते सिस्टरने सांगितलं, आणि त्या दिवशी आम्ही पुढच्या पलंगाकडे गेलो नाही.

आता मी निवृत्त झालो, पण शोभाताई जातात. पायाच्या कामाचं काही अडलं तर मला फोन करतात.

हे सगळं छापायचं तर विचारायला हवं म्हणून गेल्या महिन्यात चरोद्याला गेलो. संध्याकाळ होत होती. दार उघडंच होतं. शोभाताई खुर्चीत बसल्या होत्या आणि खाली पाटावर रंजनाताई, मांडीवर वयनीचं डावं पाऊल घेऊन. नाकावर चष्मा, हातात मोबाईलचा टॉर्च. सणासुदीलाही ज्या वयनीच्या पाया पडायला त्यांनी पंधरा वर्षं टाळाटाळ केली होती, तिचा तळवा त्या बोटभर बोटभर तपासत होत्या. शुगरवाल्याच्या दुसऱ्या, शाबूत पायाची ही रोजची तपासणी. स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नाही, दुसऱ्याने बघावा लागतो.

"बसा भाऊ, दोन मिनिटं," त्या मान वर न करता म्हणाल्या. अंगठा झाला, बोटांच्या सांदी झाल्या, टाच आली.

"काय दिसते?" शोभाताईंनी विचारलं.

"भेगा. माणसाचे पाय आहेत का शेतातले ढेकळं?"

"लाल काही?"

"लाल नाई."

मी अंकाचं सांगितलं. दोघींची नावं घालू का विचारलं. रंजनाताईंनी क्रीमची डबी उघडली आणि टाचेला चोळायला लागल्या. "घाला. पण पाचव्या गेमचा शेवटचा चेंडू कोणाचा होता तेही लिहा. लोकायले मालूम झालं पाहिजे."

"तुझा होता," शोभाताई म्हणाल्या.

"माझा कसा? मी आताच मारला होता."

"त्याच्या आधीचा मारला होता. मधात एक माझा गेला."

"मधात कायचा गेला? मधात तू श्वास घेऊन राहिली होती. इचारा भाऊले, भाऊ समोरच बसले होते."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. नियमाप्रमाणे तो चेंडू कोणाचा होता हे मला पक्कं माहीत आहे. मी म्हटलं, त्या वेळी मी स्कोअरबोर्डकडे बघत होतो. यावर दोघींचं एकमत झालं, की माझ्यासारख्या माणसाला अकरा वर्षं शिट्टी कोणी आणि कावून दिली होती हा तपासाचा विषय आहे. मग त्या पुन्हा त्या चेंडूवर आल्या. मी चहा संपवला, निघालो, फाटकापर्यंत आलो तरी आतून आवाज येत होता, तुझा, तुझा. वळून बघितलं तर रंजनाताई हातवारे करून सांगत होत्या एका हाताने. दुसऱ्या हाताने पाऊल धरलेलं होतं.